पाचवा टाक

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी वत्सलाबाई चहाचं पातेलं उतरवत होत्या, तोच वाल्मिक चपला न काढता थेट स्वयंपाकघरात आला. हा मुलगा चौथीपासून त्यांच्या ओळखीचा. भर पावसातून आला तरी आधी पायपुसण्यावर उभा राहणारा. काहीतरी विपरीत घडलंय, हे त्यानं तोंड उघडायच्या आधीच बाईंना कळलं.

"बाई, टाक गेला. आई म्हणते, जयश्रीनं घेतला."

बाईंनी गॅस बंद केला.

वाल्मिकची आई धुरपदाबाई मागच्या गल्लीत राहायची. मोतीबिंदूमुळे तिला हल्ली धूसरच दिसायचं. तिच्या देव्हाऱ्यात देवांशेजारी पाच टाक होते. टाक म्हणजे तळहातावर मावेल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती. खानदेशात घरातलं कुणी अकाली गेलं, की त्याचा टाक करून त्याला वीर म्हणतात. होळीला त्याला मिरवतात आणि आखाजीला त्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वत्सलाबाई मूळच्या अकोल्याकडच्या, त्यांच्या माहेरी हे नव्हतं. पण लिंबायतच्या मराठी शाळेत खानदेशी पोरं शिकवता शिकवता त्यांची सारी उमर गेली होती, त्यामुळे या गोष्टी त्यांना घरच्यासारख्याच वाटत.

आणि टाक घराबाहेर निघाले, ते बाईंच्याच शब्दावरून.

गेल्या वर्षी सुरतेत प्लेग आला तेव्हा अख्खं लिंबायत रिकामं झालं होतं. जो तो पोरंबाळं घेऊन गावाकडे पळाला. स्टेशनावर बाईंनी आपल्याच एका विद्यार्थ्याला विचारलं, "कुठलं रे तुमचं गाव?" पोरगा म्हणाला, "माहीत नाही. पप्पा जिथे उतरतील तिथे." ते उत्तर बाईंच्या मनातून गेलं नाही. म्हणून यंदा आखाजीच्या तोंडावर त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ ठरवली. प्रत्येक घरानं आपली एखादी जुनी वस्तू आणायची आणि आपल्या घराण्याची गोष्ट पोरांना सांगायची. कोणी जातं आणलं, कोणी पणजीची नथ. धुरपदाबाईनं पाच टाक आणले आणि पाचही वीरांच्या गोष्टी अशा सांगितल्या, की व्हीसीआरवर पिक्चर बघणारी पोरंही मांडी घालून बसली.

ती कालचीच संध्याकाळ. आज सकाळी पूजेला पुरचुंडी सोडली, तर आत चारच टाक.

"उद्या श्रीरंग यायचाय," वाल्मिक म्हणाला. श्रीरंग म्हणजे वाल्मिकच्या बायकोचा, जयश्रीचा भाऊ. लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी, म्हणून तो मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला येणार होता. "आई म्हणते, टाक दे, मग माहेरी जा. नाही दिलास, तर भावासोबत जाशील ती परत येऊ नकोस. आणि बाई, जयश्रीनं सगळी पिशवी भरलीय. लग्नातल्या साड्यासुद्धा."

२

धुरपदाबाई देव्हाऱ्यापुढे बसली होती. जयश्री माठाजवळ भिंतीला टेकून. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण हनुवटी वर होती.

"या बाई. तुमच्याच सभेत घात झाला माझा."

"म्हणून तर आले. कोणता टाक गेला?"

"उखाभाऊजींचा. माझ्या धाकट्या दिराचा. बैलाचा टाक."

काल ऐकलेली गोष्ट बाईंना आठवली. बाकीच्या वीरांच्या टाकांवर घोडा होता, उखाच्या टाकावर बैल. उखा आणि त्याचा थोरला भाऊ दगा, म्हणजे धुरपदाबाईचा नवरा, यांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. उखाला गाव सोडून मिलमध्ये कामाला जायचं होतं, दगाला ते पसंत नव्हतं. उखा रात्रीतून निघून गेला, तो गेलाच. त्या साली तापीला मोठा पूर आला होता. लोक म्हणाले, नदी ओलांडताना वाहून गेला. दगानं बारा वर्षं वाट पाहिली. मग स्वतः आजारी पडला तेव्हा सोनाराला घरी बोलावून भावाचा टाक करून घेतला, क्रियाकर्म केलं, आणि त्यानंतर वर्षभरात स्वतःही टाकात जाऊन बसला.

"सगळ्यात जड टाक कोणता?" बाईंनी विचारलं.

"आजेसासऱ्यांचा. चांगला जाडजूड आहे. उखाभाऊजींचा तर पापडासारखा."

"मग चोरानं जड सोडून पापड का उचलला?"

"ते चोराला इचारा. ती बसलीय ना तिथं!"

"आत्याबाई, मी देवाला हात लावून सांगते..."

"हात लावू नको माझ्या देवाला!"

"धुरपदाबाई," वत्सलाबाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मला ती पुरचुंडी दाखवा. सकाळी सोडली तेव्हा टाक कसे होते, अगदी तसे ठेवून."

धुरपदाबाईनं लाल फडक्यावर चारही टाक एकावर एक ठेवले. सर्वांत वर आजेसासरे, मग चुलतसासरे, मग मोठे दीर, तळाशी दगा.

"हाच क्रम का?"

"आमच्या घरची रीत. थोरला वर, धाकटा खाली. धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यावर बसायचं नाही. हिला किती वेळा सांगितलं! मागच्या रविवारीसुद्धा हिनं सगळा सावळागोंधळ केला. माझ्या नवऱ्याला काढून बसवलं आजेसासऱ्याच्या डोक्यावर."

"मग काल पुरचुंडी तुम्ही बांधली."

"मी? मी तर बाहेर पन्हं पीत होते. हिनंच बांधली."

"मी नाही," जयश्री पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "मी आत गेले तेव्हा बांधलेलीच होती. मला वाटलं, तुम्ही बांधली."

धुरपदाबाईचा हात फडक्यावरच थांबला.

"हिला क्रम येत नाही, हे तुम्हीच म्हणालात," बाई हळूच म्हणाल्या. "आणि बांधणाऱ्याला तर तो बरोबर येत होता. म्हणजे पुरचुंडी बांधणारा या घरातच वाढलेला माणूस आहे."

दारात उभ्या वाल्मिकनं मान खाली घातली. ते एकट्या वत्सलाबाईंनीच पाहिलं.

३

शेजारची मंगलाबाई काल हॉलच्या दाराशी पन्ह्याचं पातेलं घेऊन बसली होती. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही आणि तोंडात काही राहायचं नाही.

"मी कोणाचं वाईट बोलत नाही, बाई," तिनं सुरुवातच अशी केली. "पण वाल्मिक आईला सांगून गेला, मिलमध्ये दुसरी पाळी आहे म्हणून. आणि आमच्या यांनी त्याला त्याच वेळी कापडबाजारात पाहिला. आता बोला!"

"आणखी कोणी वेगळं दिसलं?"

"वेगळं म्हणजे एक म्हातारा आला होता. म्हातारा कसला, पन्नाशीचाच असेल, पण वाळलेला. दाढी वाढलेली. मी पन्हं दिलं तर गुजरातीत म्हणाला, 'नथी जोईतुं.' मला वाटलं, गुजराती माणूस चुकून आत शिरला. धुरपदाबाईची गोष्ट संपेपर्यंत खांबाआड उभा होता. मग सगळे बाहेर आले तेव्हा तो टाकांपुढे गेला. बरं, पाया पडायचं तर नीट पडावं ना! एकेका टाकाला हळदकुंकू लावून चौघांना डोकं टेकवलं. चौथ्यापुढे तर केवढा वेळ वाकलेला होता! आणि पाचव्याला हातसुद्धा जोडले नाहीत. नुसता बघत उभा. असा कसा माणूस, सांगा! मग मी पातेलं भरायला मागे गेले."

घरी परतताना वत्सलाबाईंनी वाल्मिकला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"काल पाळी नव्हती तुला."

वाल्मिकचा चेहरा पडला. "आईला सांगू नका, बाई. जयश्रीला माहेरी न्यायला साडी घ्यायची होती. आई म्हणते, पहिल्या आखाजीला माहेरनंच साडी करायची, आपण नाही. म्हणून गुपचूप घेतली. मिलच्या कपाटात ठेवलीय. मोरपंखी आहे," तो ओशाळून म्हणाला. "चोर समजलात ना मला?"

"अर्धा तास समजले होते," बाई हसून म्हणाल्या. त्यांच्या छातीवरचं एक ओझं उतरलं होतं. पण मग घरात वाढलेला दुसरा कोण? घराण्यात आता उरलंच होतं कोण?

४

मंडळाचा हॉल अजून झाडायचा राहिला होता. मधोमध कालची रांगोळी तशीच होती. तापी, गिरणा, पांझरा अशा नद्या काढून बाईंनी जमिनीवर अख्खा खानदेश मांडला होता आणि गावांची नावं घातली होती. येणाऱ्यानं आपल्या गावावर एक सुपारी ठेवायची. पुढे सुपाऱ्या संपल्या, तर कोणी शेंगदाणा ठेवला, कोणी शर्टाचं बटण.

भिकन त्यांच्यासोबत आला होता. तोही बाईंचाच विद्यार्थी, आता रिक्षा चालवायचा. कार्यक्रमाचा पुकारा त्यानंच भोंगा लावून केला होता.

"भिकन, पिंपरकुंडे कुठं आहे बघ."

"हे काय, नदीच्या वळणावर. धुरपदामावशीचं गाव."

"लिंबायतात त्या गावचं दुसरं घर आहे?"

"एकही नाही. त्यावरून मावशीला सगळे चिडवतात ना, तुमचं गाव नकाशात तरी आहे का म्हणून."

पिंपरकुंड्यावर धुरपदाबाईची सुपारी होती. आणि तिला अगदी चिकटून एक छोटी लाकडी फिरकी ठेवलेली होती. तिच्या खाचेत सोनेरी तार अडकून चमकत होती.

भिकननं ती उचलून बोटांत फिरवली. "ही जरीच्या कारखान्यातली. असे कारखाने कतारगामकडे आहेत, बाई."

"तू पुकारा कुठपर्यंत केलास?"

भिकननं मान खाजवली. "तुम्ही लिंबायत आणि नवागाम सांगितलं होतं. पण कतारगामचं एक भाडं मिळालं. भोंगा बंद करायचा राहून गेला."

"गावांची नावंही वाचत होतास?"

"सगळी. पिंपरकुंडेसुद्धा."

वत्सलाबाई जमिनीवरून उठल्या. गुडघा कटकन वाजला, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्या एकदम हसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. भिकन घाबरला.

"काय झालं, बाई?"

"रिक्षा काढ. आपल्याला मेलेल्या माणसाला भेटायला जायचंय."

५

कतारगामच्या गल्ल्यांतून हिरे घासायच्या चाकांची, म्हणजे घंट्यांची, घरघर ऐकू येत होती. भिकन दर कोपऱ्यावर उतरून विचारी, "यहां कोई खानदेशी चाचा है क्या, जरी के कारखाने में?" शेवटी एका पानवाल्यानं हात दाखवला. "पेला ओटला पर बेठा छे. बोले छे गुजराती, पण ठेस लागे तो गाळ एनी भाषामां आपे." भिकन हसला, "ठेच लागली की शिवी आपल्या भाषेत निघते म्हणे."

ओट्यावर बसलेल्या माणसाची दाढी वाढलेली होती. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"उखाभाऊ, तुम्ही चौघांच्या पाया पडलात. पाचव्याच्या का नाही पडलात?"

माणूस ताडकन उठला. पळेल असं भिकनला वाटलं आणि तो आडवा झाला. पण तो पळाला नाही. पुन्हा खाली बसला.

"स्वतःच्या पाया कसा पडू, बाई?" तो मराठीत म्हणाला. शब्द गंजलेल्या कडीसारखे एकेक करून निघत होते.

"मलाही तेच वाटलं. थोरल्याच्या खाली धाकटा, ही रीत घरच्याच माणसाला ठाऊक. वाल्मिक बाजारात होता. सूनबाईला क्रम येत नाही. तुमच्या गावावर तुमची फिरकी होती. आणि नेलात तो एकच टाक. चोर जड चांदी सोडत नाही. ज्याचा टाक, त्यानंच नेला."

उखानं शर्टाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला. त्यात तो पातळ पत्रा होता.

"चोरायला नव्हतो गेलो. दादा म्हणाला होता, गेलास तर मला मेलास. मी गेलो. मला वाटायचं, शब्दाचा पक्का माणूस, मनातून पुसला असेल त्यानं मला. गेल्या वर्षी प्लेगात सगळे गावी पळाले. मी इथंच बसून होतो, याच ओट्यावर. कोणाकडे जाणार? मग परवा भोंग्यावर गावाचं नाव ऐकलं. बावीस वर्षांत कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं ते नाव." त्यानं टाक बाईंपुढे धरला. "बैल बघा. डावं शिंग मोडकं आहे. माझा ढवळ्या तसाच होता. दादा मरायला टेकला होता, तरी सोनाराला बैलाचं मोडकं शिंग सांगून काढून घेतलं त्यानं. पुसलेल्या माणसाचं इतकं कोणी लक्षात ठेवतं का?"

"धुरपदाबाई काय म्हणाली ते ऐकलंत ना? दगाभाऊ म्हणायचे, उखाला पाण्यावाचून ठेवू नका."

"ऐकलं. म्हणून तर तिथं उभं राहवेना. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. तेवढं घेतलं आणि आलो. वहिनीला नीट दिसतही नव्हतं. मेला म्हणून ज्याला पाणी पाजलं, तो पुढे येऊन उभा राहिला असता तर तिला कसं वाटलं असतं?"

"तुम्ही नेलेल्या टाकापायी तिच्या सुनेवर आळ आलाय. उद्या तिचा भाऊ येतोय. निघाली तर ती कायमची जाईल."

उखाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं ओट्यावरच्या चपला पायात सरकवल्या. मग पुन्हा काढल्या.

"मला हाकलून दिलं तर?"

"तर भिकन परत आणून सोडेल. भाडं घेणार नाही."

"बाई!" भिकन म्हणाला.

"भोंगा बंद करायला विसरलास ना? तो दंड समज."

उखा आत जाऊन दाढी करून आला. घाईघाईत गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. पण त्या दिवशी काही त्याचे पाय निघाले नाहीत. "उद्या," तो म्हणाला. "आखाजीलाच येतो. तुम्ही घ्यायला या."

वत्सलाबाईंना ती रात्र जड गेली. धुरपदाबाईला त्या एवढंच सांगून आल्या, "टाक सापडलाय. सुनेला एक शब्द बोलू नका. आणि उद्या मी येईपर्यंत उखाभाऊंची घागर भरू नका." पण माणूस रातोरात निघून जाणारा होता. एकदा तो तसा गेलाच होता.

६

सकाळी रिक्षा कतारगामच्या गल्लीत वळली, तेव्हा ओटा रिकामा होता.

भिकननं बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात मागून आवाज आला, "इतका उशीर? मी केव्हाचा नाक्यावर उभा आहे." उखाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि हातात मोठं खरबूज. "घागरीवर ठेवायला," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

लिंबायतला ते पोचले तेव्हा श्रीरंग आलेला होता. जयश्री भरलेली पिशवी घेऊन दारात उभी होती. मंगलाबाई अर्थातच तिथं होती. धुरपदाबाई आतून ओरडली, "कोण आहे?"

उखा उंबरठ्याबाहेर थांबला. त्यानं नुसता टाक पुढे केला.

धुरपदाबाई चाचपडत पुढे आली. टाकावरून तिनं बोट फिरवलं, बैलाच्या मोडक्या शिंगापर्यंत. मग ज्या हातात तो टाक होता, त्या हातावरून फिरवलं.

"वहिनी," उखा म्हणाला.

तिनं हात सोडला नाही.

"कथा व्हतात भाऊजी, इतला वरीस?" ती म्हणाली. इतकी वर्षं कुठं होतात, असं विचारणारा आवाज रागाचा होता, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "हे तिकडे तुमचा माग काढत फिरले, तुम्ही आहात की नाही ते विचारत फिरले. आणि तुम्ही सुरतेत! इथं!"

"अगं बया, याचं तर क्रियाकर्म झालंय!" मंगलाबाई म्हणाली. "मग आता बारसं करावं लागेल. पाळण्यात घालून नाव ठेवा."

"पाळणा मोडेल," वाल्मिक म्हणाला आणि सगळे एकदम हसले. धुरपदाबाईसुद्धा. कालपासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

हसणं ओसरलं तशी धुरपदाबाई वळली आणि जयश्रीसमोर उभी राहिली. श्रीरंग पुढे सरसावला. त्याला वाटलं, म्हातारी पुन्हा काही बोलणार.

"मन्हं चुकनं, माय," धुरपदाबाई म्हणाली. तिनं जयश्रीच्या हातातली पिशवी काढून घेतली, सोडली, आणि लग्नातल्या साड्या एकेक करून बाहेर काढून कपाटात ठेवल्या. "माहेरी जाताना एवढं ओझं कशाला? झोके घ्यायला चाललीस. दोन लुगडी पुरे." मग श्रीरंगकडे बघून, "आठ दिवसांनी आणून सोड. नववा दिवस झाला, तर मी स्वतः येईन."

जयश्रीची हनुवटी आता खाली आली होती आणि ती रडत रडत हसत होती. वाल्मिकनं मिलमधून आणलेली मोरपंखी साडी तेवढ्यात पिशवीत सरकवली. धुरपदाबाईला ते दिसलं नसावं, किंवा दिसलं असावं.

"श्रीरंग, गाडीला वेळ आहे ना? मग घागर भरून होऊ दे."

देव्हाऱ्यापुढे लाल मातीची घागर मांडली, तिच्यावर उखाचं खरबूज ठेवलं. मग उंबरठ्यावर पितरांची बोटं उठवायची. एकेकाचं नाव घ्यायचं आणि कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एक ठसा उमटवायचा. दरवर्षी हे काम धुरपदाबाईच करी. यंदा तिनं कुंकवाची वाटी जयश्रीपुढे सरकवली.

"मला क्रम येत नाही, आत्याबाई."

"मी सांगते. आधी वीर, मग बाकीचे. थोरल्यापासून."

वत्सलाबाई भिंतीला टेकून बसल्या. दोन दिवसांचा शीण आता कुठे त्यांच्या अंगातून उतरत होता. आत वाल्मिक काकासाठी पाट मांडत होता, आणि उखा पुरणपोळीवर तूप वाढू नका म्हणत होता, आणि मंगलाबाई वाढतच होती.

धुरपदाबाई नावं सांगत गेली. जयश्री बोटं उठवत गेली. आजेसासरे. चुलतसासरे. मोठे दीर. मग दगा. तिथं धुरपदाबाईचा आवाज जरासा हलला.

जयश्रीनं पाचव्यांदा बोट कुंकवात बुडवलं. क्रम तिला पाठ नव्हता, पण काल दिवसभर तिनं त्या पाचव्याचंच नाव ऐकलं होतं.

धुरपदाबाईनं तिचं मनगट धरलं आणि ते कुंकवाचं बोट उंबऱ्याऐवजी जयश्रीच्याच कपाळावर टेकवलं.

"चार झाले, माय," ती म्हणाली. "पाचवा जेवायला बसलाय."